पायरी आणि पेशा : अमेरिकेच्या मायनर लीगमधील बेसबॉलपटूचा इतिहास

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास बहुतेक वेळा न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो यांसारख्या महानगरांतील ‘मेजर लीग’ संघांच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या संघांच्या अंगाने लिहिला गेला आहे. परंतु या खेळावर पोट भरणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसे कोणत्याही काळात या महानगरांत खेळत नव्हती. टोलेडो, डरहॅम, रॉसवेल, किंग्सपोर्ट अशा मध्यम आणि लहान गावांत, ‘मायनर लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुय्यम स्पर्धांत त्यांची उमेदीची वर्षे जात. आज मायनर लीग ही मेजर संघांची उमेदवारीची जागा मानली जाते, तिथून ढोबळमानाने दहांतला एकच खेळाडू वर पोहोचतो असे सांगितले जाते, आणि उरलेल्या नऊ जणांची कारकीर्द आपोआप अपुरी ठरते. हा समज मात्र तुलनेने अलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मायनर लीगमध्ये खेळणे हा आपल्या परीने पूर्ण असा पेशा होता. त्याची पायरी झाली ती नंतर, आणि ती होण्यात खेळातील बदलांपेक्षा मालकी, करार आणि कायदा यांचा वाटा मोठा होता.

१८७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल लीगने मोजक्या मोठ्या शहरांना आपल्यात घेतले आणि बाकीच्यांना बाहेर ठेवले, तेव्हाच वरचे आणि खालचे अशी विभागणी सुरू झाली. लीग म्हणजे ठरलेल्या शहरांच्या संघांनी हंगामभर आपापसांत सामने खेळण्यासाठी केलेली जूट. बाहेर राहिलेल्या शहरांनीही अशा जुटी केल्या. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपल्या निवडक खेळाडूंवर पुढील हंगामाचाही हक्क राखून ठेवण्याची प्रथा सुरू केली. ‘राखीव कलम’ या नावाने रूढ झालेल्या या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ असा होता की करार एका वर्षाचा असला तरी तो संपल्यावर खेळाडू मोकळा होत नसे. त्याने त्याच मालकाकडे खेळावे, नाहीतर खेळ सोडावा. १८८३ च्या राष्ट्रीय करारात नॅशनल लीग, तिच्याच तोडीची अमेरिकन असोसिएशन आणि मध्य-पश्चिमेकडील नॉर्थवेस्टर्न लीग यांनी एकमेकांचे राखीव खेळाडू न पळवण्याचे मान्य केले आणि अशा रीतीने दुय्यम दर्जाची एक लीग प्रथमच या बंदोबस्तात सामील झाली.

१९०१ मध्ये नव्या अमेरिकन लीगने नॅशनल लीगशी उघड स्पर्धा मांडली, दोघांच्या भांडणात जुना करार मोडीत निघाला आणि खालच्या संघांचे खेळाडू विनामोबदला उचलले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरला शिकागोच्या लेलँड हॉटेलात निरनिराळ्या लीगांचे प्रमुख जमले आणि त्यांनी मायनर लीगांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पॅट्रिक पॉवर्स हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. शहरांच्या लोकसंख्येनुसार लीगांना ए, बी, सी, डी असे वर्ग देण्यात आले आणि वरच्या वर्गाच्या संघाला खालच्या वर्गातील खेळाडू ठरावीक किंमत देऊन उचलण्याचा हक्क मिळाला. दोन मेजर लीगांचा समेट होताच १९०३ मध्ये ही सारी रचना एका नव्या राष्ट्रीय करारात बांधली गेली. मालकांच्या दृष्टीने ही आत्मसंरक्षणाची तजवीज होती. खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर त्याची बाजारातील किंमत ठरली होती, आणि ती त्याच्या हातात पडणारी नव्हती.

तरीही या रचनेत खालच्या संघाचा मालक स्वतंत्र होता, आणि खेळाडूच्या पेशाला स्थैर्य होते ते या एका गोष्टीमुळे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बाल्टिमोर ओरिओल्स या इंटरनॅशनल लीगमधील संघाचे मालक जॅक डन. १९१४ मध्ये शहरातील सेंट मेरीज या सुधारगृहवजा शाळेतून त्यांनी जॉर्ज रूथ या तरुणाला करारबद्ध केले. बेब रूथ या नावाने पुढे दंतकथा झालेला हा खेळाडू काही महिन्यांतच त्यांना बोस्टनला विकावा लागला, कारण त्याच वर्षी मेजर दर्जाचा दावा करत उतरलेल्या बंडखोर फेडरल लीगचा संघ त्यांच्या मैदानासमोरच खेळत होता आणि ओरिओल्सचे प्रेक्षक तिकडे वळले होते. पुढे मात्र डन यांनी धोरण बदलले. मोठ्या मायनर लीगांनी मेजर संघांचा निवडीचा हक्क काही वर्षे नाकारला होता. त्याचा फायदा घेऊन त्यांनी चांगले खेळाडू धरून ठेवले आणि १९१९ ते १९२५ अशी सलग सात वर्षे लीगचे विजेतेपद मिळवले. डावखुरे पिचर लेफ्टी ग्रोव्ह (पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, क्रिकेटच्या भाषेत गोलंदाज) हे १९२० पासून त्यांच्याकडे होते. मार्टिन्सबर्गच्या संघाने वादळात पडलेल्या कुंपणाच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून ग्रोव्ह यांना विकले, अशी कथा सांगितली जाते. मेजर दर्जाची गुणवत्ता असूनही ग्रोव्ह पाच हंगाम बाल्टिमोरमध्येच राहिले आणि १९२४ चा हंगाम संपल्यावर फिलाडेल्फियाने त्यांच्यासाठी १,००,६०० डॉलर मोजले. वरचे ६०० डॉलर रूथ यांच्या एक लाखाच्या विक्रीपेक्षा आकडा मोठा दिसावा म्हणून होते. ग्रोव्ह यांनी पुढे मेजर लीगमध्ये ३०० सामने जिंकले; बाल्टिमोरमधील पाच वर्षे त्यांच्या हिशेबातून वजा झाली असे चरित्रकार हळहळून लिहितात. बाल्टिमोरच्या प्रेक्षकांना ती वजा झाली असे वाटण्याचे कारण नव्हते.

पश्चिम किनाऱ्यावर तर मेजर लीगचा एकही संघ १९५८ पर्यंत नव्हता. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सिॲटल या शहरांची पॅसिफिक कोस्ट लीग सौम्य हवामानामुळे वर्षाचे सात-आठ महिने चाले, एका हंगामात दोनशेच्या आसपास सामने होत, आणि अधिक महिन्यांचा पगार मिळत असल्याने चांगल्या खेळाडूची कमाई मेजर लीगमधील मध्यम खेळाडूच्या तोडीची असे. बझ आर्लेट हे ओकलंडचे पिचर होते, पुढे फलंदाज झाले आणि त्यांनी मायनर लीगमध्ये ४३२ होम रन मारले. होम रन म्हणजे असा टोला की ज्यावर फलंदाज चारही तळ फिरून एकदमच धाव पुरी करतो. मेजर लीगमध्ये ते १९३१ चा एकच हंगाम खेळले, तोही चांगला खेळले आणि परत आले. स्पेन्सर हॅरिस यांनी पाव शतकाहून अधिक काळ मायनर लीगमध्ये काढला आणि ३,६१७ यशस्वी फटक्यांचा विक्रम नोंदवला. या दोघांना अपयशी म्हणायचे तर यश या शब्दाची व्याप्ती फारच आखडती घ्यावी लागेल. ज्या शहरात राहायचे त्याच शहराच्या संघात वर्षानुवर्षे खेळायचे, चौकात माणसे नावाने ओळखणार, हिवाळ्यात दुसरे काम करायचे, अशी ही जगण्याची रीत होती.

याच सुमारास कायद्याने या पेशाची एक बाजू कायमची लंगडी केली. फेडरल लीग १९१५ नंतर बुडाली आणि तिच्या बाल्टिमोर संघाने मेजर लीगांवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. २९ मे १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या निकालपत्राचा आशय असा की बेसबॉलचे सामने हा त्या त्या राज्यातला खेळाचा प्रयोग आहे, संघ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ही आनुषंगिक बाब आहे, सबब हा आंतरराज्य व्यापार नव्हे आणि त्याला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही. या निकालामुळे राखीव कलमाला न्यायालयात हात लावणे जवळजवळ अशक्य झाले. त्याची झळ प्रसिद्ध खेळाडूंना लागली, पण ती सर्वांत दीर्घकाळ सोसावी लागली खालच्या वर्गांतील खेळाडूंना, ज्यांच्यापाशी ना नाव होते ना वकील.

रचना मुळापासून बदलली ती सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी. कार्डिनल्स हा गरीब संघ होता. डन यांच्यासारख्यांनी मागितलेल्या किमती त्याला परवडत नसत. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा खालचे संघच विकत घ्यावेत, तिथे शेकडो मुलांना अल्प पगारावर खेळवावे, त्यांतले उत्तम निघतील ते वर आणावेत आणि उरलेल्यांतले बरे असतील ते इतर संघांना विकावेत, हा रिकी यांचा विचार होता. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिरॅक्यूज येथील संघांपासून त्यांनी सुरुवात केली आणि १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून अधिक संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते. पेरणी, निगराणी आणि मळणी असा क्रम असलेल्या या व्यवस्थेला ‘फार्म’ पद्धत हे नाव पडले; ते व्यवस्थेचे वर्णन म्हणून चपखल आहे, खेळाडूच्या बाजूने पाहता थोडे अस्वस्थ करणारे आहे. महामंदीत आपला संघ चालवणे अशक्य झालेल्या लहान गावांना मात्र कोणीतरी दूरचा धनी खर्च उचलतो आहे हे वरदानच वाटले. १९३३ मध्ये मोजून चौदा लीग उरल्या होत्या. दशक संपेपर्यंत त्या चाळीसच्या वर गेल्या, आणि त्यामागे फार्म पद्धत आणि विजेच्या झोतात रात्री खेळले जाणारे सामने ही दोन कारणे होती. रात्रीचे सामने ही तर सरळसरळ मायनर लीगची देणगी आहे. कॅन्सासमधील इंडिपेंडन्स आणि आयोवामधील डी मॉइन येथे १९३० च्या वसंतात ते सुरू झाले, कामावरून सुटलेला माणूस संध्याकाळी मैदानावर येऊ लागला. मेजर लीगला ही गोष्ट उमजायला आणखी पाच वर्षे लागली.

बेसबॉलचे आयुक्त, म्हणजे सर्व लीगांवरचे सर्वोच्च नियामक, केनेसॉ माउंटन लँडिस हे पूर्वाश्रमीचे न्यायाधीश होते आणि फार्म पद्धतीला त्यांचा उघड विरोध होता. एकाच मालकाने एकाच लीगमधील अनेक संघ आपल्या मुठीत ठेवले तर स्पर्धा खोटी ठरते आणि खेळाडू लपवून ठेवला जातो, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या ७४ खेळाडूंना मुक्त केले आणि १९४० मध्ये डेट्रॉइटच्या सुमारे ९० जणांना. पण तोवर इतर मेजर संघांनीही रिकी यांचाच कित्ता गिरवला होता. एका आयुक्ताने अधूनमधून काही डझन माणसे सोडवून पद्धत थांबणार नव्हती.

मायनर लीगचा पेशा सर्वांना खुला नव्हता, हे या टप्प्यावर नोंदवणे आवश्यक आहे. मोझेस फ्लीटवूड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू १८८३ मध्ये टोलेडोकडून नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळले होते. परंतु जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी करार मंजूर न करण्याचे ठरवले आणि शतक संपता संपता हे दार पुरते बंद झाले. ते पुन्हा उघडले ते ब्रुकलिन डॉजर्स या मेजर संघात गेलेल्या रिकी यांच्याच हातून, आणि तेही मायनर लीगमध्ये. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन यांनी डॉजर्सच्या फार्ममधील माँट्रियल रॉयल्सकडून पहिला सामना खेळला, पाच वेळा फलंदाजीला येऊन चार यशस्वी फटके मारले, त्यांत एक होम रन होता, आणि संघ १४–१ असा जिंकला. हंगामअखेरीस त्यांची सरासरी ०.३४९ होती, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३४९ यशस्वी फटके, आणि लीगमध्ये ती सर्वाधिक होती. दक्षिणेतील राज्यांत मात्र हा बदल शहराशहरांतून झगडत गेला. १९५३ मध्ये हेन्री ॲरन आणि त्यांचे दोन कृष्णवर्णीय सहकारी जॅक्सनव्हिलकडून साउथ अटलांटिक लीगमध्ये उतरले. गोरे सहखेळाडू जिथे उतरत आणि जेवत त्या हॉटेलांत त्यांना प्रवेश नव्हता, आणि तरी ॲरन यांनी ०.३६२ सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. सदर्न असोसिएशनने १९५४ मध्ये नॅट पीपल्स यांना दोन सामने खेळू दिले, त्यानंतर एकाही कृष्णवर्णीयाला घेतले नाही आणि १९६१ च्या हंगामानंतर ती लीगच बंद पडली. तिच्या अंताला इतरही कारणे होती. पण आपल्याच प्रेक्षकांतील मोठ्या वर्गाला दूर ठेवून धंदा चालत नाही, एवढे त्यात दिसले.

दुसऱ्या महायुद्धानंतरची चार-पाच वर्षे संख्येच्या दृष्टीने मायनर लीगचा परमोत्कर्ष होता. १९४९ मध्ये ५९ लीग होत्या आणि वर्षभरात सुमारे ४ कोटी प्रेक्षक मैदानांवर आले. युद्धावरून परतलेले तरुण घाऊक संख्येने संघांत दाखल झाले होते आणि त्यांचे अर्धे आयुष्य बसमध्ये जात होते. २४ जून १९४६ रोजी स्पोकेन इंडियन्सची बस वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वत ओलांडून ब्रेमर्टनकडे निघाली होती. वाटेत एलेन्सबर्ग येथे खेळाडू जेवायला थांबले असताना जॅक लोर्के यांच्यासाठी निरोप आला की त्यांना वरच्या वर्गातील सॅन डिएगो संघाने बोलावले आहे, तेव्हा ताबडतोब परत फिरावे. लोर्के यांनी आपले सामान उतरवून घेतले आणि मिळेल त्या गाडीने ते स्पोकेनकडे वळले. त्याच संध्याकाळी स्नोक्वाल्मी घाटात समोरून येणाऱ्या मोटारीला चुकवताना बस दरीत कोसळून पेटली आणि व्यवस्थापक मेल कोल यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. लोर्के पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून मेजर लीगमध्ये खेळले. एका बढतीच्या निरोपावर आयुष्य बदलणे हे या पेशात नेहमीचेच होते. इथे ते अक्षरशः खरे ठरले.

स्वतंत्र पेशाची जुनी रीत या काळात संपत चालली असली तरी तिचे काही प्रतिनिधी उरले होते, आणि त्यांत जो बाउमन यांचे नाव अग्रभागी येते. सहा फुटांहून उंच, डाव्या हाताने फलंदाजी करणारे बाउमन यांना मोठ्या संघांच्या फार्ममध्ये देऊ केलेला पगार इतका तुटपुंजा वाटला की त्यांनी तो मार्ग सोडून दिला आणि नैऋत्येकडील छोट्या गावांत खेळणे पसंत केले. १९५४ मध्ये ते न्यू मेक्सिकोतील रॉसवेल रॉकेट्स या संघात होते; लीग सी वर्गाची, गावात त्यांचा स्वतःचा पेट्रोल पंप. त्या भागात चाल अशी होती की कोणी होम रन मारला की तळांची फेरी संपवून तो प्रेक्षकांपुढील तारेच्या जाळीशेजारून चालत जाई आणि लोक जाळीच्या भोकांतून एकेक डॉलरच्या, क्वचित पाच-दहाच्या नोटा सरकवत. पगाराच्या जोडीला ही रोकड मोठा आधार होई. त्या वर्षी बाउमन यांनी १३८ सामन्यांत ७२ होम रन मारले. व्यावसायिक बेसबॉलमधील आधीचा विक्रम ६९ चा होता, आणि त्यावरचे तिन्ही होम रन त्यांनी शेवटच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, आर्टेशिया येथे मारले. एवढे करूनही त्यांना मेजर लीगमधून बोलावणे आले नाही, आणि बत्तीस वर्षांच्या माणसाला ते येण्याचे कारणही उरले नव्हते, कारण फार्म पद्धतीला वय झालेल्या फलंदाजाचे होम रन नको होते. तिला वाढीला वाव असलेला विशीतला मुलगा हवा होता.

१९५० नंतर पडझड इतकी वेगाने झाली की समकालीनांनाही ती नीट उमगली नाही. दूरचित्रवाणीवर मेजर लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले. घरांत वातानुकूलन आले, मोटारी आल्या, उपनगरे पसरली. १९५८ मध्ये ब्रुकलिनचे डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे जायंट्स हे मेजर संघ कॅलिफोर्नियात गेले आणि पॅसिफिक कोस्ट लीगचे कंबरडे मोडले. १९६३ मध्ये केवळ १८ लीग शिल्लक होत्या आणि प्रेक्षकसंख्या एक कोटीच्याही खाली होती. दरम्यान, १९५३ मध्ये जॉर्ज टूलसन यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्क यँकीजच्या न्यूअर्क येथील फार्म संघात ते पिचर होते. तो संघ बंद झाल्यावर त्यांना खालच्या दर्जाच्या बिंगहॅम्टनला जाण्याचा आदेश मिळाला, तो त्यांनी मानला नाही आणि त्यांचे नाव अपात्र खेळाडूंच्या यादीत टाकण्यात आले. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी १९२२ चा निकाल कायम ठेवला आणि काही बदल करायचा असेल तर तो संसदेने करावा असे एका परिच्छेदात सांगून विषय मिटवला. मायनर लीगच्या एका पिचरने मांडलेला प्रश्न असा संपला. पुढे १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने राखीव कलम ढासळले ते मेजर लीगच्या खेळाडूंपुरते, आणि मेजर लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण देणारा १९९८ चा कर्ट फ्लड कायदा झाला तेव्हाही त्यात मायनर लीगना स्पष्टपणे वगळण्यात आले.

१९६२ च्या अखेरीस झालेल्या पुनर्रचनेत बी, सी, डी हे वर्ग रद्द होऊन ट्रिपल-ए, डबल-ए, ए आणि नवोदितांची रूकी लीग अशी उतरंड उभी राहिली. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा पगार मेजर संघ देणार, कोणाला कुठे खेळवायचे तेही तोच ठरवणार. गावातल्या मालकाने मैदान, तिकिटे आणि शेंगदाणे सांभाळायचे. १९६५ पासून नव्या खेळाडूंची वार्षिक निवड सुरू झाली आणि कोणत्या संघाशी बोलणी करायची हे ठरवण्याची उरलीसुरली मुभाही गेली. या व्यवस्थेत खेळाडू गावाचा राहिला नाही. तो तिथे मुक्कामाला आलेला दुसऱ्याचा नोकर होता. जून महिन्यात त्याची फलंदाजी बहरली की जुलैत तो वर जाई, आणि प्रेक्षकांनी ज्याच्यावर जीव टाकावा त्याचे नाव पुढच्या वर्षी यादीत नसे.

उतरंडीतून वर न गेलेल्यांत स्टीव्ह डॅल्कोव्स्की यांची कथा वारंवार सांगितली जाते. त्यांच्याइतका वेगवान चेंडू कोणी पाहिला नाही असे त्यांच्या समकालीनांचे म्हणणे होते, पण तो कुठे जाईल याची शाश्वती नसे. १९५७ मध्ये किंग्सपोर्ट येथे त्यांनी ६२ डावांत १२१ फलंदाज चेंडू खेळात येऊ न देता बाद केले आणि १२९ जणांना चेंडू दिशाहीन गेल्यामुळे फुकट पहिला तळ दिला. १९६० मध्ये स्टॉकटनला १७० डावांत हे दोन्ही आकडे सारखेच, २६२, निघाले. १९६३ च्या वसंतात ते मेजर संघात जाण्याच्या उंबरठ्यावर असताना सराव-सामन्यात त्यांचा कोपर दुखावला आणि तो वेग परत आला नाही. डॅल्कोव्स्की यांच्याप्रमाणेच बाल्टिमोरच्या पुढच्या काळातील मेजर संघाच्या, ओरिओल्सच्या, फार्ममध्ये काही वर्षे खेळलेल्या रॉन शेल्टन यांनी १९८८ च्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटात एका बेलगाम पिचरचे पात्र त्यांच्यावरून घेतले.

एकाच मैदानावर दोन नशिबे किती जवळ उभी असू शकतात हे १९८१ च्या एका सामन्यात दिसले. १८ एप्रिलच्या थंड, वाऱ्याच्या रात्री ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे यजमान संघ आणि रॉचेस्टर यांच्यात ट्रिपल-ए वर्गाचा सामना सुरू झाला. सामना नऊ डावांचा असतो, बरोबरी झाल्यास जादा डाव खेळतात; हा मात्र संपेचना. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली ती वेड बॉग्ज यांच्या फटक्याने फिटली. खेळाडू मोडक्या बॅटी पेटवून हात शेकत होते. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस डाव झाल्यावर, लीगच्या अध्यक्षांशी संपर्क झाला आणि सामना थांबवला गेला तेव्हा १,७४० प्रेक्षकांपैकी १९ उरले होते. २३ जूनला तो पुन्हा सुरू झाला त्या वेळी मेजर लीगमध्ये खेळाडूंचा संप चालू असल्याने देशभरचे पत्रकार तिथे लोटले, आणि अठरा मिनिटांत, तेहतिसाव्या डावात, डेव्ह कोझा यांच्या फटक्यावर पॉटकेट ३–२ ने जिंकले. त्या सामन्यातील बॉग्ज आणि कॅल रिपकेन ज्युनियर हे दोघे बेसबॉलच्या गौरव-दालनात पोहोचले. विजयी फटका मारणारे कोझा मेजर लीगमध्ये एकदाही खेळले नाहीत.

पुढच्या दोन दशकांत मायनर लीगचा धंदा पुन्हा भरभराटीला आला, पण ती भरभराट खेळाडूची नव्हती. स्वस्त तिकीट, आतषबाजी, सोंगे घेतलेले शुभंकर, नगरपालिकेच्या पैशातून उभी राहिलेली नवी मैदाने यांवर कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रेक्षकसंख्या पुन्हा चार कोटींवर गेली. १९९४ मध्ये बास्केटबॉलचा सम्राट मायकल जॉर्डन बर्मिंगहॅम बॅरन्समध्ये डबल-ए वर्गात खेळला. १२७ सामन्यांत ०.२०२ ही त्याची सरासरी पाहता या ‘दुय्यम’ वर्गाचा खेळ किती कठीण आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधूनही मिळणार नाही. त्याच वेळी माइक हेसमन यांच्यासारखे दीर्घ कारकिर्दीचे खेळाडू अपवाद म्हणून उरले. १९९६ मध्ये निवड झालेल्या हेसमन यांनी २०१५ मध्ये टोलेडोकडून खेळताना ४३३ वा होम रन मारून आर्लेट यांचा विक्रम मोडला आणि त्या हंगामानंतर निवृत्ती घेतली. मेजर लीगमध्ये त्यांच्या नावावर १०९ सामने आहेत.

मेजर संघ वार्षिक निवडीच्या कक्षेबाहेरच्या, म्हणून स्वस्त पडणाऱ्या मुलांच्या शोधात डोमिनिकन प्रजासत्ताकात अकादम्या चालवू लागले आणि सोळाव्या वर्षी करार करून पोरे आणू लागले. भारताचा या इतिहासाशी आलेला संबंध याच शोधाच्या कडेचा आहे. ‘मिलियन डॉलर आर्म’ या २००८ मधील वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघांनी २००९ मध्ये फ्लोरिडातील रूकी लीगपासून सुरुवात केली. पटेल २०१० नंतर मुक्त झाले, सिंग यांनी २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या ए वर्गाच्या संघापर्यंत मजल मारली, पुढे दुखापतींनी त्यांचा मार्ग अडवला आणि ते व्यावसायिक कुस्तीकडे वळले. त्यांच्यावरील २०१४ चा हॉलिवूडपट करार होतो तिथेच जवळपास संपतो. फ्लोरिडातल्या उन्हात रिकाम्या बाकांसमोर खेळलेले महिने, जे या पेशाचे खरे स्वरूप आहे, ते चित्रपटाच्या कामाचे नव्हते.

त्या महिन्यांचा पगार किती होता हे आकड्यांतच पाहावे. २०२० पर्यंत ए वर्गातील खेळाडूला किमान वेतन आठवड्याला २९० डॉलर, ट्रिपल-ए मध्ये ५०२ डॉलर, आणि तेही फक्त हंगामातील साधारण पाच महिन्यांपुरते मिळे. वसंतातील सराव शिबिर बिनपगारी असे. एका खोलीत चार-पाच जण जमिनीवर गाद्या टाकून राहत, नाहीतर गावातील एखादे कुटुंब यजमान म्हणून त्यांना ठेवून घेई. २०१४ मध्ये ॲरन सेने आणि इतर माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा लावला. मालकांनी संसदेत धाव घेतली आणि मार्च २०१८ च्या अवाढव्य अर्थविषयक विधेयकात मायनर लीग खेळाडूंना जादा कामाच्या वेतनाच्या तरतुदीतून वगळणारे कलम घालण्यात यश मिळवले. दावा तरीही टिकला आणि २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पाच हजारांहून अधिक मायनर लीग खेळाडू मेजर लीग खेळाडूंच्या संघटनेत दाखल झाले. ही संघटना १९६० च्या दशकापासून जगातील सर्वांत प्रबळ क्रीडा कामगार संघटनांपैकी एक होती, आणि तिला खालच्या खेळाडूंकडे पाहायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, ही तिच्या इतिहासातील कमी बोलली जाणारी बाजू आहे. ३१ मार्च २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात ट्रिपल-ए चे वार्षिक किमान वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर आणि ए वर्गाचे २६ ते २७ हजारांवर गेले. निवासाची सोय आदल्या वर्षापासूनच संघांवर सोपवण्यात आली होती.

पगार वाढला, पण नोकऱ्यांची संख्या घटली. कोव्हिडमुळे २०२० चा संपूर्ण हंगाम रद्द झाला, १९०१ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेबरोबरचा करार त्या सप्टेंबरमध्ये संपू दिला गेला, आणि २०२१ पासून मेजर लीगने कारभार थेट आपल्या हाती घेऊन संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. वार्षिक निवडीच्या फेऱ्या ४० होत्या त्या २० झाल्या. २०२३ च्या करारानेच प्रत्येक मेजर संघाला अमेरिकेत बाळगता येणाऱ्या मायनर खेळाडूंची कमाल मर्यादा पुढील वर्षापासून १८० ऐवजी १६५ करण्याची मुभा दिली. संलग्नता गमावलेल्या गावांपैकी काहींनी स्वतंत्र लीगांचा आसरा घेतला. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातील ॲपलेशियन लीग, जिच्यात डॅल्कोव्स्की यांनी पहिला हंगाम काढला होता, ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची उन्हाळी लीग म्हणून चालू ठेवण्यात आली. किंग्सपोर्ट, ब्रिस्टल, जॉन्सन सिटी येथे उन्हाळ्यात आजही सामने होतात, तिकिटे विकली जातात, खेळाडू रात्रीच्या बसने गावोगाव जातात. त्यांना खेळण्याचा पगार मात्र मिळत नाही.